विंबल्डनची चांदमारी : एका संस्थेची पहिली तीस वर्षे

स्थापना

ब्रिटनमधील नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था नोव्हेंबर १८५९ मध्ये लंडनला स्थापन झाली. तिची पहिली तीस वर्षे शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या विंबल्डन कॉमन या माळरानावर गेली. १८९० साली संस्थेने आपले बिऱ्हाड सरे परगण्यातील बिस्लीला हलवले आणि विंबल्डनची चांदमारी ओस पडली. आज त्या माळावर झाडीत दबलेले मातीचे काही उंचवटे आहेत, एक पवनचक्की आहे आणि त्या दिवसांशी नाते सांगणाऱ्या एक-दोन चालीरीती आहेत. लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचे नियम, स्पर्धांची घडी आणि वार्षिक मेळाव्याची परंपरा याच माळावर रुजली. नेमबाजीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा असा आहे, आणि त्यातले एक पान तर आपल्या अगदी घरचे आहे.

संस्थेच्या जन्मामागे भीती होती. जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर ओर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने बॉम्ब टाकले. बॉम्ब इंग्लंडमध्ये तयार झाले होते, हे उघड झाल्यावर फ्रान्समध्ये संतापाची लाट उसळली. खाडी ओलांडून फ्रेंच फौज येणार, असे इंग्लंडमध्ये जो तो बोलू लागला. खड्या सैन्याचा मोठा भाग हिंदुस्थानात आणि इतर वसाहतींत गुंतलेला होता. अखेर १२ मे १८५९ रोजी युद्ध खात्याने नागरिकांना स्वयंसेवक पथके उभारण्याची परवानगी दिली. वकील, कारकून, कारागीर, विद्यार्थी, चित्रकार असे सर्व थरांतले लोक पुढे आले. दोन वर्षांच्या आत त्यांची संख्या लाखावर गेली.

माणसे मिळाली, पण त्यांना नेम धरता येत नव्हता. त्यांच्या हाती आलेली एन्फील्ड रायफल जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा फार निराळी होती. हीच ती एन्फील्ड, जिच्या काडतुसांनी १८५७ साली आपल्याकडे वणवा पेटवला. जुनी बंदूक शंभर यार्डांपलीकडे भरवशाची नसे. एन्फील्डची नेम धरायची पट्टी नऊशे यार्डांपर्यंत आखलेली होती. एवढ्या लांबून निशाणा साधायचा तर अंतराचा अंदाज, वाऱ्याचा कल, श्वासावरचा ताबा आणि चापावरचे बोट हे सारे शिकावे लागते. सैन्यासाठी केंटमधील हाइथ येथे १८५३ पासून नेमबाजीचे विद्यालय होते, पण सामान्य नागरिकाला शिकायला जागा नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी असोसिएशन स्थापन झाली. तेव्हाचे युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट हे पहिले अध्यक्ष झाले आणि लॉर्ड एल्को कार्यकारी मंडळाचे प्रमुख. एकेकाळी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत धनुष्यबाणाचा सराव होता, तसाच आता रायफलचा व्हावा, हे संस्थेचे ध्येय होते. म्हणून तिच्या बोधचिन्हावर एका बाजूला धनुर्धर आणि दुसऱ्या बाजूला रायफलधारी आहे.

पहिला बार

जागेचा प्रश्न अर्ल स्पेन्सर यांनी सोडवला. विंबल्डन कॉमनची जहागिरी त्यांची होती. माळ उंच, मोकळा आणि वाऱ्याचा होता आणि लंडनहून रेल्वेने सहज गाठता येण्याजोगा होता. २ जुलै १८६० रोजी पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन झाले. प्रिन्स अल्बर्ट यांच्यासह राणी व्हिक्टोरिया आल्या. अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपली षट्कोनी नळीची रायफल लोखंडी घोडीवर बसवून चारशे यार्डांवरच्या निशाण्यावर रोखून ठेवली होती. राणीने दोरी ओढली. गोळी निशाण्याच्या मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर लागली.

राणीने दरवर्षी अडीचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. हेच क्वीन्स प्राइझ. पहिली फेरी एन्फील्डने ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर झाली. अंतिम फेरीत निवडलेल्या नेमबाजांना व्हिटवर्थ रायफल देऊन ८००, ९०० आणि १००० यार्डांवर उभे केले गेले. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. एवढ्या अंतरावर उघड्या डोळ्यांना निशाणा ठिपक्यासारखा दिसतो. पहिले बक्षीस एडवर्ड रॉस या तरुण स्वयंसेवकाने जिंकले. त्याचे वडील होरेशिओ रॉस हे त्या काळचे नामांकित नेमबाज होते.

हजार यार्डांचा मारा सैनिकी शिक्षणातही विरळा होता. तो या संस्थेने साध्या नागरिकांच्या स्पर्धेत आणला, आणि तिचे वेगळेपण पहिल्याच वर्षी ठरून गेले.

छावणीचे दिवस

पुढे दरवर्षी जुलै महिन्यात विंबल्डनवर तंबूंचे गाव वसे. पंधरवडाभर स्वयंसेवक तिथेच राहत, तिथेच जेवत आणि पहाटेपासून गोळीबाराला उभे राहत. पवनचक्कीच्या आसपास कार्यालये, टपाल, दुकाने आणि खानावळी थाटल्या जात. ही पवनचक्की १८१७ सालची. तिच्यातले दळण १८६४ साली बंद झाले, पण इमारत टिकली. लांबवर पसरलेल्या गोळीबाराच्या जागांपर्यंत जाण्यासाठी माळावर छोटी ट्राम घातली गेली. ती आधी घोडे ओढत, पुढे वाफेचे इंजिन आले. विंबल्डनची जगप्रसिद्ध टेनिस स्पर्धा १८७७ साली सुरू झाली. तोवर जुलैमध्ये विंबल्डनला जायचे म्हणजे रायफलींचा मेळावा पाहायला जायचे, हे लंडनकरांच्या सवयीचे झाले होते.

चांदमारीची रचना समजून घेतली तर आज उरलेल्या खुणा वाचता येतात. एका टोकाला गोळीबाराची जागा असे. तिथे अंतराप्रमाणे आखलेल्या रेषा असत. दुसऱ्या टोकाला निशाण्यांची रांग आणि तिच्यामागे गोळ्या अडवणारा मातीचा उंच बांध असे. निशाण्याजवळ आडोशाला मार्कर बसे. सुरुवातीचे निशाणे जाड लोखंडी पत्र्यांचे होते. शिशाची गोळी आदळली की टणकन आवाज येई आणि गोळी चपटी होऊन राखाडी डाग उमटे. मार्कर काठीला लावलेली तबकडी दाखवून गुण सांगे आणि मग निशाण्यावर पुन्हा चुन्याचा हात फिरवी. लाल निशाण वर असले की गोळीबार बंद. हजारो माणसे, शेकडो रायफली आणि मोकळा माळ अशा ठिकाणी सारी भिस्त या निशाणावर असे. शिस्त ही संस्थेची खरी मिळकत होती आणि ती मार्करच्या आडोशापासून अध्यक्षांच्या तंबूपर्यंत सारखी लागू होती.

याच माळावर धावत्या हरणाचा निशाणा आला. रुळांवरून सरकणारी हरणाची आकृती चित्रकार एडविन लँडसीअर यांनी काढून दिली होती. स्थिर निशाण्यावर कमावलेला हात चालत्या निशाण्यावर किती चालतो, याची ती परीक्षा होती. पुढे हा प्रकार ऑलिंपिकमध्ये गेला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बिस्लीच्या मैदानावर स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी वयाच्या साठाव्या वर्षी धावत्या हरणाच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

ढाली आणि चषक

संस्थेच्या धुरीणांना एक गोष्ट पहिल्यापासून उमगली होती. वैयक्तिक बक्षिसाने नेमबाज एकदा येतो. सांघिक ढालीसाठी मात्र तो दरवर्षी येतो आणि सोबत शिष्यही आणतो. म्हणून १८६१ साली शाळांसाठी ॲशबर्टन ढाल ठेवली गेली. पहिल्या वर्षी ती रग्बी शाळेने जिंकली. १८६२ साली लॉर्ड एल्को यांनी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी पुरुषभर उंचीची लोखंडी ढाल दिली. तिचे रेखाटन चित्रकार जी. एफ. वॉट्स यांचे. आठ-आठ जणांचे संघ ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झुंजत. पहिली ढाल इंग्लंडकडे गेली आणि १८६५ पासून आयर्लंडही सामन्यात उतरले.

विंबल्डनचा कित्ता समुद्रापलीकडेही गिरवला गेला. अमेरिकेत १८७१ साली याच नावाची संस्था निघाली. तिने न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे विंबल्डनच्या धर्तीवर मैदान उभारले आणि ते १८७३ साली सुरू झाले. १८७५ साली ब्रिटिश संस्थेने अमेरिकन संस्थेला हजार यार्डांच्या स्पर्धेसाठी चषक भेट दिला. त्याचे नाव विंबल्डन चषक. क्रीडमूरचे मैदानही पुढे बंद पडले आणि त्या जागी मनोरुग्णालय झाले, पण विंबल्डन चषकाची स्पर्धा अमेरिकेत अजून होते.

कोल्हापूरचा चषक

आता आपल्या घरचे पान. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली दत्तक येऊन गादीवर बसले. १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते युरोपच्या प्रवासाला निघाले. त्या काळी एखाद्या हिंदू राजाने समुद्र ओलांडणे ही मोठ्या धाडसाची गोष्ट होती. त्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमध्ये होते. तिथे ते राणी व्हिक्टोरियांना भेटले, संस्था पाहिल्या आणि रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. अर्नो नदीच्या काठी हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे १८७४ साली उभारलेली छत्री आणि तिच्यातला महाराजांचा अर्धपुतळा आजही आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांनी केला. कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारणारे वास्तुविशारद ते हेच. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली प्रसिद्ध केली.

कोल्हापूरच्या राजांनी विंबल्डनच्या संस्थेला दिलेल्या चषकाची स्पर्धा १८७१ साली पहिल्यांदा झाली. मायदेश ब्रिटन आणि वसाहती यांच्या संघांनी त्यासाठी झुंजावे, अशी तिची योजना होती. तोवर विंबल्डनवरचे मोठे सांघिक सामने ब्रिटिश बेटांपुरते असत. या चषकामुळे समुद्रापलीकडून संघ पाठवण्याला कारण मिळाले. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, कॅनडाच्या संघाने तो जिंकला आणि त्या देशात नेमबाजीच्या हौसेला भरते आले. आंतरदेशीय रायफल स्पर्धांच्या आरंभकाळी कोल्हापूरचे नाव असे कोरले गेले. महाराज तोवर हयात नव्हते, पण त्यांच्या संस्थानाच्या नावाची ही स्पर्धा बिस्लीवर आजही होते. आठ जणांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर नेम धरतात. राजाराम कॉलेजमुळे महाराजांचे नाव शिक्षणात राहिले, तसे ते नेमबाजीतही राहिले आहे. आपल्याकडे मात्र ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

जागा अपुरी पडते

विंबल्डन सोडावे लागले त्याला दोन कारणे होती. दोन्ही वर्षागणिक बळावत गेली.

पहिले कारण माळाच्या भोवतालचे. लंडन वाढत होते. १८६४ साली अर्ल स्पेन्सर यांनी माळाचा काही भाग विकून उरलेल्याला कुंपण घालण्याचा बेत मांडला. माळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या आणि फिरायला येणाऱ्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. हेन्री पीक यांच्यासारख्या मंडळींनी लढा नेटाने चालवला. अखेर १८७१ साली संसदेने कायदा करून माळ संरक्षक मंडळाच्या हवाली केला आणि स्पेन्सर घराण्याला वार्षिक १२०० पौंड ठरवून दिले. माळ कायमचा लोकांचा झाला. संस्थेला वार्षिक मेळाव्याची मुभा राहिली, पण लोकांच्या जागेत गोळ्या चालवायच्या म्हणजे लोकांच्या सुरक्षिततेचे उत्तर द्यावे लागणार, हे आता स्पष्ट झाले. शेजारी कूंब येथे ड्यूक ऑफ केंब्रिज यांची जमीन होती. ते स्वतः सेनापती असूनही आपल्या हद्दीत येणाऱ्या गोळ्यांविषयी त्यांनी तक्रार लावून धरली.

दुसरे कारण रायफलीचे. १८६० साली तोंडातून ठासायची एन्फील्ड होती. १८६६ नंतर मागून भरायची स्नायडर आली आणि १८७१ पासून मार्टिनी-हेन्री. १८८८ साली सैन्याने .३०३ इंच व्यासाची, पेटीतून काडतुसे भरणारी ली-मेटफर्ड स्वीकारली. हिची गोळी दीड मैलाहून लांब जाऊ शके. चुकून बांधावरून गेलेली गोळी आता माळाच्या हद्दीत थांबेल, याची खात्री देता येईना. नेमबाजी सुधारावी म्हणून संस्था जन्मली आणि शस्त्र सुधारत गेल्यावर तिलाच आपली जागा अपुरी पडली. मंडळाने हे वास्तव वेळीच मान्य केले. एखादा मोठा अपघात होईपर्यंत ते थांबले नाहीत, हे त्यांच्या दूरदृष्टीचे मोठे उदाहरण आहे.

बिस्लीला स्थलांतर

अनेक जागा पाहून झाल्यावर लंडनपासून तीसेक मैलांवर, ब्रुकवुडजवळील बिस्लीची निवड झाली. जुलै १८८९ मध्ये विंबल्डनवर शेवटचा मेळावा भरला. त्यानंतर काही इमारती उकलून बिस्लीला नेल्या गेल्या. ट्रामचे इंजिनही गेले. ब्रुकवुडपासून छावणीपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. जुलै १८९० मध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा यांनी पहिला बार उडवला आणि एकाही वर्षाचा खंड न पडता मेळावा नव्या जागी सुरू झाला.

बिस्लीवर संस्थेचा विस्तार झाला. १८९१ साली गर्न्सीच्या विनिफ्रेड लील या स्पर्धेत उतरणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १८९५ साली कॅनडाचे हेहर्स्ट यांनी क्वीन्स प्राइझ जिंकले. समुद्रापलीकडून आलेले ते पहिले विजेते. १९३० साली मार्जरी फॉस्टर यांनी किंग्ज प्राइझ, म्हणजे तेच क्वीन्स प्राइझ, मिळवले आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला झाल्या. दोन्ही महायुद्धांत स्पर्धा थांबल्या आणि मैदान सैनिकी शिक्षणासाठी गेले. युद्ध संपताच मेळावा पुन्हा भरू लागला. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील नेमबाजीही याच मैदानावर झाली. क्वीन्स किंवा किंग्ज प्राइझच्या विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवण्याची प्रथा आजही पाळली जाते.

माळावर काय उरले

विंबल्डन कॉमनवर आज जाणाऱ्याला मेळाव्याचा थाट दिसत नाही. गोळ्या अडवणाऱ्या बांधांचे अवशेष ओक आणि बर्चच्या झाडीत गेले आहेत. नेहमीच्या टेकाडापेक्षा वेगळा, सरळ रेषेत गेलेला, वर गवत आणि हीदर वाढलेला उंचवटा दिसला की जाणत्याला तो ओळखू येतो. पवनचक्की सुस्थितीत आहे आणि तिच्यात संग्रहालय आहे. तिच्या शेजारच्या घरात बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली बालवीर चळवळीच्या मूळ पुस्तकाचा काही भाग लिहिला.

एक खूण मात्र माणसांच्या अंगावर दिसते. लॉर्ड एल्को यांच्या लंडन स्कॉटिश पथकातील स्वयंसेवकांनी १८६५ साली या माळावर गोल्फ क्लब काढला. तो अजून चालू आहे. तिथे खेळणाऱ्याने लाल रंगाचा सदरा किंवा अंगरखा घालावा, असा नियम आहे. माळावर फिरणाऱ्या लोकांना खेळाडू लांबून दिसावा, हा त्यामागचा हेतू. लोकांच्या जागेत वावरताना लोकांच्या जिवाची काळजी आपण घ्यायची, ही चांदमारीची शिकवण त्या लाल सदऱ्यातही आहे.

कुंपण आणि घरबांधणी टळल्यामुळे माळ जिवंत राहिला. राखीव नैसर्गिक क्षेत्र म्हणून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. लंडन परिसरात दुर्मीळ झालेली हीदरची झुडपे आणि सांबरशिंगी भुंगेरे तिथे टिकून आहेत. या भुंगेऱ्यांच्या अळ्या कुजणाऱ्या लाकडात वाढतात, म्हणून पडलेली झाडे मुद्दाम तशीच ठेवली जातात.

आपल्यासाठी

या संस्थेने आपले पहिले मैदान गमावले, तरी तिची वाटचाल अडली नाही. याचे कारण तिच्या कारभारात आहे. प्रत्येक स्पर्धेचे अंतर, नियम, संघांची रचना आणि निकाल लिहून ठेवले गेले. ढाल किंवा चषक देणाऱ्याची अट पाळली गेली. मेळाव्याचा महिना ठरलेला राहिला. जमीन बदलली, शस्त्रे बदलली, राजे-राण्या बदलल्या, पण दप्तर आणि शिस्त यांची साखळी तुटली नाही. दीडशे वर्षांपूर्वी दिलेला कोल्हापूरचा चषक आज खेळला जातो, तो या साखळीमुळे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यानेही नेमबाजीत मोठे नाव कमावले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. ही पदके आपण मिरवतो आणि मिरवायलाच हवीत. त्यांच्यामागची सरावाची मैदाने, पहिले प्रशिक्षक, जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांचे निकाल आणि जुन्या मंडळांच्या वह्या मात्र आपण जपून ठेवल्या पाहिजेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी त्यांच्या प्रती करून एका ठिकाणी जमा कराव्यात. कोल्हापूर चषकाची छायाचित्रे आणि १८७१ पासूनच्या विजेत्यांची यादी बिस्लीहून मागवून आपल्या सराव केंद्राच्या भिंतीवर लावावी. रायफल हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी कळावे की त्यांच्या गावाचे नाव या खेळात फार जुने आहे, आणि ते पुढे नेण्याचे काम आता त्यांचे आहे.